हाड कमी आहे, म्हणून दातांची आशा सोडायची का?



गोष्ट गेल्या वर्षीच्या बकरी ईदची. दस्तरख्वान मांडलेला, घर पाहुण्यांनी भरलेले. आमच्या फुफी नेहमीसारख्या एका कडेला बसल्या होत्या. ताटात फक्त शोरबा आणि त्यात भिजवलेली रोटी. "फुफी, बोटी घ्या ना," असा आम्ही आग्रह केला, तर "पोट भरलं बेटा," म्हणाल्या. तेवढ्यात आमची धाकटी बोलून गेली, "दादी जेवताना दात काढून रुमालात ठेवते. रोजच ठेवते."

सगळे गप्प झाले. फुफी ओशाळून हसल्या. वर्षभर त्या आमच्याच घरात, आमच्याच सोबत बसून अशा जेवत होत्या. ते आठ वर्षांच्या मुलीला दिसले, आम्हा मोठ्यांपैकी एकालाही दिसले नाही. शाळेत शेवटच्या बाकावरचे पोर डबा खात नसेल तर आमच्या लगेच लक्षात येते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे मात्र आम्ही पाहिले नव्हते.

फुफींचे वय ६७. खालचे सगळे दात सहा वर्षांपूर्वी गेले. वर पुढचे काही शिल्लक आहेत, मागच्या दाढा नाहीत. खालची कवळी पहिले वर्ष बरी बसली. मग ती सैल झाली, बोलताना उचलायची, हिरडीला घासून जखम व्हायची. फुफींनी कुणाला सांगितले नाही. घास गिळण्याची सवय करून घेतली.

त्यानंतर आम्ही त्यांना घेऊन तीन ठिकाणी फिरलो. तिथे जे शिकलो ते या महिन्याच्या लेखात मांडतो आहोत. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी कोणता इलाज करावा हे सांगत नाही. डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगायचे आणि काय विचारायचे, एवढेच सांगतो.

दोन दवाखाने, दोन टोकांची उत्तरे

पहिल्या दवाखान्यात फुफींची हाडांच्या तपासणीची जुनी फाईल दाखवली. दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरून त्यांचे मनगट मोडले होते, तेव्हाची ती फाईल. डॉक्टरांनी एक पान उलटले आणि म्हणाले, "हाडांची घनता कमी आहे. इम्प्लांट होणारच नाही. कवळीवरच भागवा."

दुसरा दवाखाना मोठ्या शहरातला, चकचकीत. तिथे उलट सांगितले गेले. सगळे होईल. वरचे उरलेले दात काढू, वर-खाली दोन्हीकडे इम्प्लांट लावू, लागलेच तर गालाच्या हाडातही लांब स्क्रू बसवू. आजच आगाऊ रक्कम भरली तर सूट मिळेल. आकडा ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. फुफींनी उमराहसाठी जमवलेल्या पैशांपेक्षा तो जास्त होता. परतीच्या बसमध्ये फुफी एवढेच म्हणाल्या, "मला दात नकोत. घरी चला."

एक म्हणतो काहीच होणार नाही, दुसरा म्हणतो सगळेच होईल. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. या दोन्ही ठिकाणी प्रश्न कुणी नीट वाचलाच नव्हता. फुफींना कोणती औषधे चालू आहेत किंवा झाली आहेत, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. ते किती महत्त्वाचे होते हे आम्हांला तिसऱ्या ठिकाणी कळले.

"हाड कमी" म्हणजे नक्की काय कमी?

तिसऱ्यांदा आम्ही एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. केस पेपर काढला, रांगेत बसलो. वेळ गेला, पण तिथल्या तरुण डॉक्टर मॅडम आणि त्यांचे प्राध्यापक यांनी आमच्यासाठी अर्धा तास दिला. त्यांनी पहिली गोष्ट समजावली ती अशी की "हाड कमी आहे" या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात.

भिंतीत स्क्रू बसवायचा आहे असे समजा. एक अडचण अशी की भिंत जाड आहे, पण माती भुसभुशीत आहे. ही घनतेची तक्रार. दुसरी अशी की भिंत पक्की आहे, पण इतकी बारीक की स्क्रू आरपार जाईल. ही उंची-रुंदीची तक्रार. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

दात गेल्यावर त्या जागेचे हाड झिजते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी साधारण निम्म्याने कमी होऊ शकते. कवळी वापरणाऱ्यांचा खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने झिजतो. फुफींची कवळी सैल झाली त्यात कवळी करणाऱ्याचा दोष नव्हता. खालची जमीनच खचली होती.

आता घनता. वरच्या जबड्याच्या मागच्या भागातले हाड सर्वांत मऊ असते, खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातले सर्वांत टणक. म्हणजे एकाच माणसाच्या तोंडात दोन्ही प्रकारची भिंत सापडते.

इथेच पहिल्या दवाखान्याची चूक कळली. आपण ज्याला हाडांच्या घनतेची तपासणी म्हणतो ती डेक्सा तपासणी मुख्यतः कंबर आणि खुब्याची असते. त्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडे ठिसूळ झाली असे म्हणतात. पण त्या आकड्यावरून जबड्याचा निकाल लावता येत नाही. जबड्यासाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन लागतो. त्यात हाडाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजता येते, खालच्या जबड्यातली नस आणि वरच्या जबड्यावरची सायनसची पोकळी नेमकी कुठे आहे ते दिसते. घनतेचा मात्र त्यात अंदाजच येतो. ठिसूळ हाडांच्या रुग्णांतही इम्प्लांट धरतात. हाडे ठिसूळ असणे हे एकटे कारण इम्प्लांट नाकारायला पुरेसे नाही.

सलाईनची आठवण

मग मॅडमनी विचारले, "काही औषधे चालू आहेत?" फुफी म्हणाल्या, "फक्त बीपीची गोळी." मॅडमनी पुन्हा विचारले, "हाडांसाठी आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा घ्यायची गोळी? सहा महिन्यांनी इंजेक्शन? वर्षातून एकदा सलाईन?"

फुफी विचारात पडल्या. "सलाईन लावली होती. मनगट मोडल्यावर. पुढच्या वर्षी परत एकदा. पण ते औषध थोडंच आहे, सलाईन आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवले.

ते सलाईन झोलेड्रोनिक अॅसिडचे होते. अशी औषधे हाडांची झीज थांबवतात, मनगट, मणका, खुबा मोडण्यापासून वाचवतात. फार उपयोगी औषधे आहेत. पण ती हाडात वर्षानुवर्षे राहतात आणि हाड भरून येण्याचा वेग मंदावतात. दात काढल्यावर किंवा जबड्यात छिद्र पाडल्यावर क्वचित काही रुग्णांची जखम भरतच नाही, हाड उघडे पडते आणि आठ आठवडे उलटले तरी झाकले जात नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी या त्रासाकडे प्रथम लक्ष वेधले. अलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी, आयबँड्रोनेटची महिन्याची गोळी, झोलेड्रोनिकचे सलाईन आणि डेनोसुमॅबचे सहा महिन्यांचे इंजेक्शन ही सगळी या यादीत येतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. ठिसूळ हाडांसाठी जो डोस देतात त्यात हा धोका लहान आहे. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना हीच औषधे फार मोठ्या प्रमाणात आणि वारंवार देतात, त्यांच्यात धोका कितीतरी जास्त असतो. अशा रुग्णांत इम्प्लांट सहसा टाळतात. आणि दुसरे, हे वाचून कुणी घाबरून आपले औषध स्वतःहून बंद करू नये. विशेषतः डेनोसुमॅबचे इंजेक्शन लांबले तर मणक्याची हाडे मोडण्याचा धोका वाढतो. दातांचे आणि हाडांचे डॉक्टर आपसात बोलून योग्य वेळ ठरवतील. आपले काम फक्त एकच, त्यांना खरे आणि पूर्ण सांगणे.

फुफींच्या हाडांच्या डॉक्टरांशी मॅडम स्वतः फोनवर बोलल्या. दुसऱ्या दवाखान्यात आम्ही आगाऊ रक्कम भरली असती तर वरचे चांगले दात काढले गेले असते, अनेक ठिकाणी छिद्रे पडली असती, आणि त्या सलाईनबद्दल कुणाला पत्ताही नसता. आजही आठवले की अंगावर काटा येतो.

पर्याय कोणते?

हाड कमी असलेल्यांसाठी कोणते मार्ग आहेत, ते प्राध्यापकांनी एका कागदावर काढून दाखवले. आम्हांला समजले तसे लिहितो.

हाड मऊ आहे पण पुरेसे आहे, तर साधाच इम्प्लांट बसतो. डॉक्टर छिद्र नेहमीपेक्षा थोडे बारीक ठेवतात, म्हणजे स्क्रू घट्ट बसतो, आणि त्यावर दात चढवायला जास्त दिवस थांबतात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावर काम करताना दिसले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट लावले. हे एकजीव होणेच सगळ्याचा पाया आहे आणि मऊ हाडात त्याला वेळ लागतो. खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा महिने असा जुना हिशोब आहे. इथे घाई नुकसानीची.

हाडाची उंची कमी आहे, तर आखूड इम्प्लांट असतात. पूर्वी १० मिलिमीटर किंवा अधिक लांबीचे लावत, आता ६ ते ८ मिलिमीटरचेही लावतात. त्यामुळे पुष्कळदा मोठी शस्त्रक्रिया टळते.

हाड बारीक किंवा खचलेले आहे, तर तिथे हाडाची भर घालतात. वरच्या मागच्या दाढांच्या जागी सायनसचे अस्तर हळूच वर उचलून खाली हाडाची पूड भरतात. याला सायनस लिफ्ट म्हणतात. मूळ हाड थोडे तरी असेल तर इम्प्लांट त्याच वेळी बसतो, नाहीतर सहा महिने किंवा अधिक थांबावे लागते. खर्च वाढतो, सूज येते, आणि भरलेले सगळे हाड टिकेलच असे नाही.

पूर्ण जबडा बिनदाताचा आहे, तर चार इम्प्लांटवर सगळा जबडा बसवण्याची पद्धत आहे. मागचे दोन तिरके लावतात, म्हणजे सायनस आणि नस दोन्ही चुकवता येतात. पोर्तुगालचे पाउलो मालो यांच्या नावाशी ही पद्धत जोडली गेली आहे. आणि वर हाड जवळजवळ उरलेच नसेल तर गालाच्या हाडात बसणारे ३० मिलिमीटरपेक्षा लांब इम्प्लांट असतात. ते डोळ्याच्या खोबणीजवळून जातात. हे सराईत शल्यचिकित्सकाचे काम आहे आणि शेवटचा मार्ग आहे. पहिल्याच भेटीत कुणी तो पुढे केला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

या सगळ्यांत एक साधा मार्ग आहे, तो आम्हांला आधी कुणीच सांगितला नव्हता. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात फक्त दोन इम्प्लांट लावायचे आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी करायची. तिथले हाड सहसा टणक असते आणि मागचे सगळे झिजले तरी पुष्कळदा शिल्लक असते. २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटले की, खालचा जबडा पूर्ण बिनदाताचा असेल तर साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली निवड मानावी. छिद्रे दोनच, खर्च पुष्कळ कमी, आणि कवळी काढून धुता येते.

पूड कशाची, हे विचारा

हाडाची भर घालायचे ठरले तर आपल्या घरांत एक प्रश्न येतोच. ती पूड कशाची? रुग्णाचे स्वतःचेच हाड, दान केलेले मानवी हाड, जनावराचे हाड आणि कारखान्यात तयार केलेली कॅल्शियमची पूड, असे तिचे चार प्रकार आहेत. जनावरांत गाय-बैल, डुक्कर आणि घोडा तिन्ही येतात. पुडीवर झाकायचा कोलॅजनचा पातळ पडदाही पुष्कळदा डुकराचा किंवा गाई-बैलाचा असतो.

हे विचारायला लाजू नये. आमच्या शेजारच्या काकूंनाही गाईच्या हाडाबद्दल हाच संकोच होता. खोक्यावर मूळ काय ते लिहिलेले असते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नाही, पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे स्वतःचे हाड किंवा कारखान्यातली पूड तुमच्या बाबतीत चालेल का, याचा विचार डॉक्टर करू शकतील. जायज-नाजायजचा निर्णय आम्ही देणार नाही, तो आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा. पण त्यांच्याकडे जाताना पुडीचे नाव आणि दुसरा पर्याय आहे की नाही, हे माहीत करून जावे. अर्धवट माहितीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही अर्धवट मिळते.

फुफींचे काय झाले

निर्णय फुफींचाच होता. धोका लहान आहे पण शून्य नाही, इम्प्लांट धरला नाही तर काढावा लागेल, हे मॅडमनी त्यांना त्यांच्या भाषेत समजावले आणि लेखी संमती घेतली. फुफींनी एकच विचारले, "उमराहचे पैसे पुरतील का मग?" हिशोब करून पाहिला. पुरणार होते, आणि कमी पडलेच असते तर भर आम्ही घालणार होतो. खरे तर ते आम्ही पहिल्याच दिवशी बोलायला हवे होते.

वर काहीच कापाकापी केली नाही. मागच्या दाढांसाठी काढता-घालता येणारे साधे दात केले. खाली पुढे दोन इम्प्लांट. त्याआधी मॅडमनी एक अट घातली होती. मशेरी बंद. फुफी चाळीस वर्षे मशेरी लावत होत्या. तंबाखू कोणत्याही रूपात हिरडी भरू देत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाला बोलावणे धाडतो. पहिले पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग सवय सुटली. आम्हांला विचाराल तर दातांपेक्षा हे मोठे काम झाले.

तारखा अशा घेतल्या की टाके, अँटिबायोटिक आणि पातळ जेवणाचे दिवस रमजानच्या खूप आधी संपतील. चार महिने हाड भरू दिले, मग कवळी बसवली. आता रोज रात्री ती काढून धुतात, इम्प्लांटच्या दोन खुंट्यांभोवती मऊ ब्रश फिरवतात. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड सडू शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचे आहे.

जाण्यापूर्वी एवढे करा

एका कागदावर सगळी औषधे लिहा. बंद झालेली, वर्षातून एकदाची, सलाईन, इंजेक्शन, सगळी. शुगर असेल तर एचबीएवनसीचा ताजा रिपोर्ट घ्या. शुगर ताब्यात असेल तर इम्प्लांट होऊ शकतात, नसेल तर आधी ती ताब्यात आणा. ठिसूळ हाडांचे औषध सुरू होणार असेल तर त्याआधी दात दाखवा, काढायचे असतील ते काढून घ्या.

डॉक्टरांना विचारा, माझ्यात घनता कमी आहे की उंची-रुंदी? स्कॅनमध्ये दाखवाल का? सर्वांत लहान शस्त्रक्रियेत माझे काम कशाने भागेल? इम्प्लांट धरला नाही तर पुढे काय? या चार प्रश्नांची शांतपणे उत्तरे मिळाली नाहीत तर आगाऊ पैसे भरू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. निदान दुसरे मत घ्यायला तिथे जरूर जावे.

आणि सगळे ऐकून कुणी म्हणाले की मला साधी कवळीच बरी, तर तोही मान राखण्यासारखा निर्णय आहे. फक्त ती कवळी दर काही वर्षांनी नव्याने बसवून घ्या, हिरडी सोलत असताना सोसत बसू नका.

या वर्षीच्या बकरी ईदला फुफी दस्तरख्वानाच्या मधोमध बसल्या. बोटी मऊ शिजवली होती, तरी बोटीच होती. धाकटी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. फुफींनी रिकामा रुमाल झटकून तिला दाखवला, आणि दुसरी बोटी स्वतःहून मागितली.

आज रात्री जेवताना आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटाकडे एकदा पाहा. त्यांनी काय खाल्ले यापेक्षा काय बाजूला ठेवले ते पाहा. अल्लाह सर्वांच्या अम्मी-अब्बांना, दादी-नानींना सेहत देवो. आमीन.

इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू.